हत्ती सापडला पण २६ दिवस लागले : म्युझियम लायब्ररीच्या इंटरलायब्ररी लोनचा रिव्ह्यू

आधीच सांगते, लायब्ररीचं नाव लिहीत नाहीये. गोवा केवढासा आहे ते तुम्हाला माहितीये, खाली दोनतीन तक्रारी आहेत आणि तिथे काउंटरला बसणारी माणसं दोनच, म्हणजे हे कोणाबद्दल लिहिलंय ते मी बसमधून उतरायच्या आधी त्यांच्यापर्यंत पोचलेलं असेल. तर एका म्युझियमला जोडलेली रिसर्च लायब्ररी एवढंच समजा. तसंही हा रिव्ह्यू इमारतीचा कमी आणि तिथल्या इंटरलायब्ररी लोनचा, म्हणजे दुसऱ्या लायब्ररीतलं पुस्तक इथे मागवून देण्याच्या सेवेचा जास्त आहे, कारण अशी सेवा असते हेच मला चाळिशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं, आणि माझ्यासारखे आणखी बरेच असणार.

मी फोंडा तालुक्यातल्या एका हायस्कुलात ड्रॉइंग शिकवते. आमच्या गावच्या देवळाच्या रिपेरीचा विषय दोन वर्षं कमिटीत घोळतोय आणि यंदा एकदाचं ठरत आलं होतं की सभामंडपाच्या बाहेरच्या भिंतींना टाइल्स मारायच्या, म्हणजे दर पावसाळ्यानंतर शेवाळ घासा, चुना मारा ही कटकट कायमची संपली. माणसं वाईट नाहीत हो, वर्गणी गोळा करायला दारोदार त्यांनाच फिरावं लागतं. पण त्यातल्या उत्तरेच्या भिंतीवर कावीचं काम आहे, निदान जेवढं शिल्लक राहिलंय तेवढं.

कावी कशी करतात ते पाहिलं नसेल तर थोडक्यात सांगते. आधी शिंपल्यांच्या चुन्याचा पांढरा गिलावा, त्याच्यावर काव म्हणजे तांबडी माती चुन्यात कालवून एक पातळ थर, आणि तो थर ओला आहे तोवरच टोकदार हत्याराने खरवडून चित्र काढायचं. खरवडलं तिथे खालचा पांढरा दिसतो, नाही खरवडलं तिथे लाल राहतं. यात खोडरबर नाही. थर सुकायच्या आत हात चालला पाहिजे आणि चुकला तर चुकला. गोव्यात, वर सिंधुदुर्गात, खाली कारवारकडे जुन्या देवळांवर आणि काही जुन्या घरांवर अजून दिसतं, पण दर चारसहा वर्षांनी कुठेतरी एक भिंत टाइल्सखाली नाहीतर ऑइलपेंटखाली जाते.

आमच्या भिंतीवर वरच्या बाजूला एक छोटं शिखरासारखं काहीतरी आहे, त्यात बसलेला माणूस, शेजारी छत्री धरलेला दुसरा. खालचा अर्धा भाग माझ्या जन्माच्या आधीच कधीतरी चुन्याखाली गेला. गावात सगळे त्याला पालखी म्हणतात. मीही म्हणायचे, शाळेच्या पोरांना घेऊन जाऊन "ही बघा देवाची पालखी" असं सांगितलेलंही आहे, ते पुढे येईलच.

कमिटीला नुसतं "जुनं आहे, ठेवा" सांगून उपयोग नसतो, कागद लागतो. म्हणून मी पुस्तकं शोधायला लागले. पहिली फेरी अर्थातच पणजीला पाट्यावर (पाटो नावाच्या भागात), कृष्णदास शामा सेंट्रल लायब्ररीत. १८३२ साली सुरू झालेली लायब्ररी ती, गोव्यावरचं काही शोधायचं असेल तर सुरुवात तिथूनच करावी, मला तिथे अर्धं काम मिळालं. एका पुस्तकाच्या तळटीपेत उल्लेख होता की कोकणातल्या भिंतीचित्रांवर दुसऱ्या राज्यातल्या एका म्युझियमने पूर्वी प्रदर्शन भरवलं होतं, त्याचा कॅटलॉग छापला होता आणि त्यात आमच्या गावच्या भिंतीचा फोटो आहे. गावाचं स्पेलिंग चुकलेलं पण गाव आमचंच.

आता असा कॅटलॉग दुकानात मिळत नाही. प्रदर्शनाच्या वेळी थोड्या प्रती छापतात, पाहुण्यांना देतात, दुसऱ्या म्युझियमना पाठवतात, उरलेल्या गोडाऊनमध्ये वाळवी खाते. सेकंडहँडवाल्याच्या हातालाही क्वचितच लागतो. अशा गोष्टी टिकतात त्या म्युझियमच्या लायब्रऱ्यांमध्येच, कारण त्यांचा संग्रहच तसला असतो, प्रदर्शनांचे कॅटलॉग, लिलावांचे कॅटलॉग, जुन्या जर्नल्सचे सुटे अंक, उत्खननाचे रिपोर्ट. आपल्या नेहमीच्या वाचनालयात जे कधीच येत नाही ते सगळं. फक्त या लायब्रऱ्या पुस्तकं घरी देत नाहीत, बहुतेक ठिकाणी तुम्हाला कपाटापर्यंत जाताही येत नाही, चिठ्ठी लिहून द्यायची आणि आतून पुस्तक बाहेर येतं.

तर एका शनिवारी सकाळची फोंडा-पणजी शटल पकडून, पुढे आणखी एक बस करून मी तिथे पोचले. पिशवी बाहेर लॉकरमध्ये, पाण्याची बाटली बाहेर, बॉलपेनसुद्धा बाहेर, आत फक्त पेन्सिल. रजिस्टरमध्ये नाव, पत्ता, कशावर काम करताय. मी "चौकशी" एवढंच लिहिलं तर काउंटरवरच्या मॅडमनी ते वाचून "कसली चौकशी" म्हणून विचारलं आणि तिथून पाऊण तास गेला. (ही तक्रार नाही. लायब्ररीत कोणीतरी पाऊण तास ऐकून घेतंय हे मला कॉलेज सुटल्यापासून पहिल्यांदाच घडलं.) त्यांनी संगणकावर बघितलं, मग कार्डांचा जुना लाकडी ड्रॉवर ओढून बघितला, आणि म्हणाल्या आमच्याकडे नाही, पण मागवता येईल.

मी म्हटलं, माझ्या नावावर पाठवतील ते? त्या हसल्या. तुमच्या नावावर कशाला पाठवतील, आमच्या नावावर पाठवतील.

हीच या सगळ्यातली मेख आहे. इंटरलायब्ररी लोनमध्ये पुस्तक तुम्हाला मिळत नाही, एका लायब्ररीने दुसऱ्या लायब्ररीला ते उसनं दिलेलं असतं. जबाबदारी तुमच्या लायब्ररीची, हरवलं फाटलं तर भरून देणार तीच, म्हणून कोण मागतोय आणि कशाला मागतोय याची चौकशी तीच करते. शेजारणीकडून विरजण आणल्यासारखं आहे, घर घराला ओळखतं म्हणून चालतं, त्या घरातल्या कुठल्या पोराला दही खायचंय हे शेजारीण विचारत नाही.

देशात यासाठी डेलनेट नावाचं नेटवर्क आहे, १९८८ ला दिल्लीत सुरू झालं, पूर्वी दिल्लीपुरतं होतं आणि नंतर देशभर पसरलं, त्याच्या सभासद लायब्रऱ्यांची पुस्तकं एकत्र शोधता येतात आणि मागवताही येतात. जगभरासाठी वर्ल्डकॅट म्हणून एक सामायिक यादी आहे, ती १९७१ पासूनची. अमेरिकेतल्या ओहायोमधल्या कॉलेजांनी मिळून सुरू केलेला तो उद्योग आज कुठल्या कुठे गेलाय. वर्ल्डकॅटवर शोधणं कोणालाही फुकट आहे, घरी बसून मोबाइलवरही होतं, पुस्तक जगात कुठल्या लायब्ररीत आहे ते बऱ्यापैकी कळतं. सगळ्या म्युझियम लायब्रऱ्या यात नसतात हेही खरं, आमचा कॅटलॉग ना इकडे सापडला ना तिकडे. शेवटी मॅडमनी त्या म्युझियमच्या लायब्ररीला सरळ ईमेल टाकला.

फॉर्म एक पानाचा. नाव, ओळखपत्राची झेरॉक्स, शाळेचं पत्र (हे आधी सांगितलं असतं तर एक फेरी वाचली असती, फोनवर विचारलं तेव्हा फक्त "आधार आणा" म्हणाले होते), पुस्तकाचा पूर्ण तपशील, आणि पोस्टाचा खर्च मी देईन अशी सही. सेवेचे वेगळे पैसे नाहीत. फॉर्म भरून मी निघाले आणि वाट बघत बसले.

आणि इथे माझी पहिली तक्रार. नऊ दिवस काही नाही. ईमेल केला, उत्तर नाही. फोन केला तर दीडला जेवणाची सुट्टी, तीनला केला तर कोणी उचलत नाही, माझी शाळा सुटल्यावर केला तर लायब्ररी बंद. शेवटी किरकोळ रजा टाकून गेले तर कळलं की समोरच्या लायब्ररीने चौथ्याच दिवशी "असा कॅटलॉग आमच्याकडे नाही" म्हणून नकार पाठवला होता आणि तो यांच्या इनबॉक्समध्ये तसाच पडून होता. मी चिडले, आणि मला वाटतं चिडायला हरकत नव्हती. एक ओळीचा मेसेज टाकायला किती वेळ लागतो?

पण चूक माझीही होती हे त्याच दुपारी कळलं. तळटीपेतलं साल चुकीचं होतं. मी ते जसंच्या तसं उतरवलं होतं आणि वर कॅटलॉगचं नाव म्हणून जे लिहिलं होतं ते प्रत्यक्षात प्रदर्शनाचं नाव होतं, छापलेल्या कॅटलॉगवर नाव वेगळंच. मॅडमनी आत जाऊन त्याच म्युझियमच्या वार्षिक बुलेटिनचे जुने अंक काढले, ते यांच्याकडे देवाणघेवाणीत येतात, आणि धूळ झटकत एकेक चाळत बसल्या. तिसऱ्या अंकात प्रदर्शनाची बातमी मिळाली, साल दोन वर्षं पुढचं, खाली बारीक अक्षरात कॅटलॉगचं खरं नाव आणि प्रकाशनांच्या यादीतला नंबर. हे काम गूगलने झालं नसतं हो. ते बुलेटिन कुठेही स्कॅन झालेलं नाही.

तेव्हा जाणाऱ्यांना माझं एक सांगणं आहे, तळटीपेवर विश्वास ठेवून फॉर्म भरू नका. ज्या पुस्तकात उल्लेख सापडला त्याच्या त्या पानाचा फोटो सोबत न्या, लेख हवा असेल तर जर्नलचं नाव, खंड, अंक, साल, पानं सगळं लिहा, आणि एखादी गोष्ट नक्की माहीत नसेल तर तसं तिथेच लिहा. अंदाजाने साल टाकलं की समोरचा माणूस त्या सालात बघतो आणि "नाही" म्हणून मोकळा होतो. त्याचं तरी काय चुकलं.

दुरुस्त करून रिक्वेस्ट परत गेली. या खेपेला होकार यायला बारा दिवस, कारण एकच प्रत, ती बाहेर पाठवायची तर त्यांच्या क्युरेटरची परवानगी, आणि क्युरेटर टूरवर. मग पोस्टात पाच दिवस. म्हणजे माझे पहिले नऊ, मग बारा, मग पाच, एकूण २६. रंगनाथन यांचे ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम आहेत, १९३१ चे, लायब्ररी सायन्स केलेल्या प्रत्येकाला तोंडपाठ असतात, रीडिंग रूमच्या भिंतीवर फ्रेम करून लावलेत. दुसरा नियम, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. चौथा, वाचकाचा वेळ वाचवा. मी मॅडमना म्हटलं, तुमचा दुसरा पास झाला, चौथ्यात नापास. त्या म्हणाल्या, चौथ्याला स्टाफ लागतो. मंजूर जागा किती आणि भरलेल्या किती ते मी विचारलं नाही, दिसत होतंच.

एका बुधवारी शाळेत तिसरा पिरियड चालू असताना फोन आला. "बाय, तुमचें पुस्तक पावलें." एवढंच, आणि फोन ठेवला.

शनिवारी गेले तेव्हा पार्सल माझ्यासाठी उघडायचं ठेवलं होतं. म्हणजे त्यांनी फोडून तपासलं होतं, पण परत तसंच गुंडाळून ठेवलं होतं, मला बघायला मिळावं म्हणून. बाहेर पांढऱ्या कापडाची पिशवी शिवलेली, आत पुठ्ठा, पुठ्ठ्याच्या आत प्लास्टिक, त्यात तो कॅटलॉग, एवढं सगळं करून आत फक्त ऐंशीएक पानं. सोबत एक टाइप केलेला कागद, कोणत्या पानाचा कोपरा आधीच दुमडलेला आहे, कुठे डाग आहे, कुठली प्लेट सुटी झालीय, सगळं लिहिलेलं, लग्नाच्या हॉलवाल्याने भांडी मोजून द्यावीत तसं. आणि मुखपृष्ठावर पट्टी, फक्त ग्रंथालयात वापरण्यासाठी, झेरॉक्स करू नये.

पोस्टाचे जाऊन-येऊन मला ४१० रुपये पडले, स्पीड पोस्ट आणि वर विमा. पुस्तकांसाठी पोस्टाची ज्ञान पोस्ट म्हणून स्वस्त सेवा १ मे २०२५ पासून सुरू झालीय, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये ते ५ किलोला १०० रुपये, वर टॅक्स. मी ती सुचवून बघितली. एकुलती एक प्रत तशी पाठवायला दोन्हीकडचे तयार झाले नाहीत, आणि त्यांचंही बरोबर आहे, पण हा खर्च एवढा होईल हे फॉर्म भरताना कोणी सांगितलं नव्हतं. नुसतं "पोस्टेज एक्स्ट्रा". ४१० काही फार नाहीत, पण एखादा कॉलेजचा पोरगा असेल तर त्याने विचार केला असता.

आता दिवसांचं गणित बघा. देणाऱ्या लायब्ररीने २१ दिवस दिले होते, पण ते त्यांच्याकडून निघाल्या दिवसापासून. पाच येण्यात गेले, चार परतीसाठी धरायचे, उरले बारा. रविवारी बंद, शनिवारी एकपर्यंतच उघडी, मधल्या दिवशी मी शाळेत. हातात आले दोन अर्धे शनिवार आणि एक रजा. आठवड्यातून एक दिवस तरी संध्याकाळी सातपर्यंत उघडी ठेवा ना, नोकरी करणाऱ्याने यायचं कधी? हे मी सूचनावहीत लिहिलं. माझ्या वरची सूचना दोन वर्षांपूर्वीची होती, विषय तोच.

रीडिंग रूम मात्र छान. एसी जरा जास्तच, ओढणी गुंडाळून बसावं लागलं. टेबलावर स्पंजच्या दोन उशा, त्यांच्यावर पुस्तक अर्धवट उघडं ठेवायचं म्हणजे कणा ताणत नाही, आणि पानं दाबायला कापडात शिवलेली जड मण्यांची माळ. पानं पूर्ण उघडून तळहाताने दाबायची माझी सवय, त्यावर एकदा "ओ टीचर" असं ऐकून घेतलं. भिंग मागितलं तर लगेच मिळालं.

प्लेट पाहिली. ब्लॅक अँड व्हाइट, पोस्टकार्डाएवढी, दीपमाळेजवळ उभं राहून काढलेली, कोपऱ्यात सायकल टेकवलेली. आमचीच भिंत. वरच्या अर्ध्यात ते शिखर, तो माणूस, ती छत्री. आणि खाली, जिथे आम्ही सगळे जन्मभर चुना बघत आलो, तिथे चार जाडजूड पाय, साखळी, आणि डावीकडे वळलेली सोंड.

ती पालखी नव्हतीच, अंबारी होती. खाली अख्खा हत्ती उभा होता आणि आम्ही दरवर्षी त्याच्यावर चुना फासत होतो. मी शाळेच्या किती बॅचेसना ती पालखी म्हणून दाखवली ते आठवून तिथल्या तिथे हसू आलं, समोर बसलेल्या पीएचडीवाल्या मुलाने मान वर करून बघितलं.

झेरॉक्स नाही, मोबाइलने फोटोही नाही, विचारून बघितलं, देणाऱ्याची अट म्हणजे अट. ट्रेसिंगही नाही, पानावर दाब येतो. मग उरलं काय, शेजारी आलेखाचा कागद ठेवून पेन्सिलने काढायचं, डोळ्याने चौकटी मोजत. ड्रॉइंग टीचर आहे म्हणून जमलं, बाकीच्याने काय करायचं हा प्रश्न आहेच. दहा मिनिटांच्या झेरॉक्सचं काम दोन शनिवार आणि एक रजा खाऊन गेलं. पण सावकाश काढत बसल्यामुळे एक गोष्ट दिसली. हत्तीच्या झुलीवर जी चक्रं आहेत त्यांच्या बरोबर मध्यभागी एकेक बारीक टिंब आहे, भिंगाखाली नीट दिसतं, म्हणजे कारागिराने ओल्या थरात कंपासाचं टोक रोवून वर्तुळ फिरवलं त्याची ती खूण. घरी आल्यावर टॉर्च घेऊन देवळात गेले, वरच्या अर्ध्यातल्या छत्रीवर बघितलं, तिथेही तसंच टिंब. रोज त्या भिंतीशेजारून जाते मी.

दुसरी रिक्वेस्ट लेखाची टाकली होती, बाहेरच्या देशातल्या एका म्युझियमच्या लायब्ररीतून, चुन्याच्या गिलाव्यावरचं काम साफ कसं करायचं यावरचा. त्याचा अनुभव एकदम उलटा. परदेशातून पुस्तक येणं महाग आणि कटकटीचं, पण लेख किंवा एखादं प्रकरण हवं असेल तर स्कॅन करून पीडीएफ पाठवतात, चौथ्या दिवशी ईमेलमध्ये हजर. स्वतःच्या संशोधनासाठी वापरेन, पुढे वाटणार नाही अशा मजकुरावर सही घेतात. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही खासगी अभ्यास-संशोधनासाठी वाजवी वापराची मुभा आहे, कलम ५२ मध्ये, पण म्हणून अख्खं पुस्तक स्कॅन करून द्या म्हणाल तर कोणी देणार नाही, लेखक वारल्यानंतरही ६० वर्षं हक्क चालू असतो.

पीडीएफ उघडली तर मधली घडीची मोठी आकृती गायब. स्कॅन करणाऱ्याने घडी उलगडलीच नव्हती, पांढऱ्या कागदाची पाठ तेवढी आली. आणि सगळं ब्लॅक अँड व्हाइट, कावीवर काम करणाऱ्याला लाल कुठे संपतं आणि सावली कुठे सुरू होते हे कळणार नाही असलं. मॅडमनी परत कळवलं, त्यांनी दोन दिवसांत रंगीत आणि घडीसकट पाठवलं, पैसे न घेता. तुम्ही आधीच फॉर्मवर लिहा, रंगीत हवं, ३०० डीपीआय, घडीची पानं उलगडून. लिहिलं तर करतात, नाही लिहिलं तर सगळ्यात सोपं असेल ते करतात, जगात सगळीकडे सारखंच.

आणि एवढं सगळं करायच्या आधी एकदा फुकटात काय आहे ते बघून घ्या. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने आपली कितीतरी जुनी प्रकाशनं वेबसाइटवर फुकट ठेवलीत, अमेरिकेतल्याच गेटी म्युझियमनेही, आपल्याकडे संस्कृती मंत्रालयाचं इंडियन कल्चर पोर्टल आहे, इंटरनेट आर्काइव्ह तर आहेच. मॅडम सांगत होत्या की येणाऱ्या बऱ्याच रिक्वेस्टी अशा असतात की पुस्तक आधीच ऑनलाइन असतं आणि माणूस पोस्टाची वाट बघायला तयार असतो. आपल्याच गोव्यात पण बघायचं राहून जातं. गोवा युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत दा. ध. कोसंबींचा स्वतःचा संग्रह आहे, पर्वरीला इतिहास संशोधनाचं झेवियर सेंटर आहे, पाट्यावरचं तर वर लिहिलंच. इतकी वर्षं फोंड्यात राहून मी त्यातल्या एकाच ठिकाणी गेले होते.

स्टार द्यायचेच तर पाचातले साडेतीन. सेवेला पाच देईन, कळवण्यात एक कापते, वेळेत अर्धा. माणसांचे वेगळे द्यायची सोय असती तर त्या बुलेटिनच्या धुळीसाठी पाचाला सहा दिले असते.

देवळाचं विचाराल तर माझं पेन्सिलचं चित्र कमिटीच्या मीटिंगमध्ये फिरवलं. आधी कोणाचा विश्वास बसेना. एक आजोबा म्हणाले हत्ती होता हो, माझी आजी सांगायची, आणि मग अचानक सगळ्यांनाच आजी आठवायला लागल्या. टाइल्स मागच्या भिंतीला लागल्या, स्वयंपाकघराकडच्या. उत्तरेची भिंत तशीच ठेवलीय, पावसाळा संपल्यावर जाणकार माणूस बोलावून एका कोपऱ्यातला चुना काढून बघायचं ठरलंय, सोंडेकडचा कोपरा. खजिनदार म्हणाले हत्ती नाही निघाला तर टीचरने टाइल्सचे पैसे द्यायचे. गंमतीत म्हणाले, असं मी धरून चालले आहे.

त्याच भिंतीचा आणखी एक फोटो दुसऱ्या एका जुन्या रिपोर्टात असल्याचं कळलं म्हणून तिसरी रिक्वेस्ट टाकली. तो रिपोर्ट काल आलाय. आज रजा काढून ठेवली होती, डबाही भरला होता, सकाळी सात वाजता मॅडमचा मेसेज आला, म्हणजे न कळवण्याबद्दलची माझी चिडचिड कोणीतरी ऐकली म्हणायची. मेसेज असा : "आयज येवं नाकात, लायट ना." (आज येऊ नका, लाइट नाही.) म्हणून घरी बसून हे लिहिलं, डबा बाराला खाऊन टाकला.